नरसाळ्यावरचे ठोके

वकिलाने आणून दिलेल्या पेन ड्राइव्हवर एकच गाठोडं होतं आणि त्यात फाइली होत्या एकशे पंचेचाळीस. त्यांतल्या एकशे चव्वेचाळीस कंपनांच्या: दूध पावडरच्या टॉवरवर बसवलेले सहा कंपनमापक, प्रत्येकाचे स्फोटाआधीचे चोवीस तास, दर तासाची एक फाइल. उरलेली एक जेमतेम तीन केबीची, तिला धड नावही नव्हतं. बांधलेलं सगळं मिळून साडेपस्तीस एमबी भरत होतं. सोडल्यावर चार जीबीच्या वर जाणार होतं. प्रांजल खरमाटेने मोजणी दोनदा केली आणि मगच ‘सोडा’ हे बटण दाबलं.

झिप फाइलींचे दिवस जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. नव्या पद्धतीने आवळलेल्या फाइलींना सगळे गाठोडीच म्हणत. घरोघरच्या कॉम्प्युटरवर लग्नाचे व्हिडिओ, सातबारे, पोरांची प्रगतिपुस्तकं, सगळं गाठोड्यात. सोडायला बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं, एवढंच लोकांना ठाऊक.

गाठोडं सुटलं. खाली नेहमीसारखी एक पिवळी ओळ आली, ‘नियमानुसार उघडले’, आणि गेली. प्रांजलने टॉवरच्या तळाच्या नरसाळ्यावरच्या कंपनमापकाची शेवटची फाइल लावून हेडफोन घातले.

घरघर. मोठ्या पंख्याची एकसुरी घरघर, जवळजवळ तासभर. मग घरघरही तुटली, आणि काहीच नाही.

तिने त्याच कंपनमापकाच्या उरलेल्या तेवीस फाइलींचे आलेख एकाखाली एक मांडले. सगळे सपाट. चौकशी समितीच्या अहवालात अगदी हेच लिहिलं होतं: ‘ऑपरेटर नवनाथ खरमाटे यांनी दर तासाला नरसाळ्यावर ठोके मारल्याचा दावा केला आहे. नोंदींत एकही ठोका आढळत नाही. धोका दिसताच त्यांनी जागा सोडली व सहकारी अविनाश गावडे यांस सूचना दिली नाही.’ हलगर्जीपणाने मृत्यूचा गुन्हा त्या तीन वाक्यांवर उभा होता. सोमवारी न्यायालयात तारीख होती आणि वकिलाने बजावलं होतं, दाखवण्यासारखं काही असेल तर सोमवारच्या आत आणा.

ती हेडफोन काढून बाहेरच्या खोलीत आली. वडील खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. हातांची कातडी भरून आली होती पण आखडली होती, बोटं मिटत नव्हती.

“पप्पा, त्या दिवशी नरसाळ्यावर मोगरी मारली होती ना?”

“काय म्हणालीस?”

“हो की नाही, तेवढंच सांगा.”

“समितीनंपण असंच विचारलं. मी हो म्हणलं. त्यांनी लिहिलं, पुरावा नाही.”

“फाइलीत एकही ठोका नाहीये. चोवीस तासांत एकसुद्धा.”

“मग फाइल खोटी.”

“फाइल कशाला खोटं बोलेल? तिला काय पडलंय?”

“म्हणजे मी खोटा.” नवनाथने मान फिरवली. “एकोणीस वर्षं मारतोय मोगरी. बापाचं ऐकायच्या आधी मशीनचं ऐकलंस. शिकवलं त्याचं चीज झालं.”

“प्रांजल, बास कर,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

पण प्रांजलला राग आवरत नव्हता. वडिलांचा राग, आणि आपल्याला त्यांचा राग येतोय याचाही. ती तिथेच उभी राहिली. नवनाथ भिंतीकडे बघतच बोलू लागला.

“आत फोन न्यायला बंदी. पावडर हवेत उडत असते, ठिणगी पडली की संपलं. सात मजल्यांवर हाक जात नाही. मग आम्ही पोरांनी ठरवून घेतलेलं. तीन ठोके म्हणजे फेरी झाली. सलग ठोके म्हणजे हातातलं टाक आणि खाली ये. झाडूवाल्यालापण माहीत आहे. साहेबांना माहीत नाही, कारण साहेब आत येत नाहीत, कपड्यांना वास लागतो.” त्याने आखडलेले हात मांडीवर ओढले. “त्या दिवशी नरसाळं बद्द वाजलं. आत पावडरची थापी धरलेली. दुसऱ्यांदा मारलं, तर जळका वास. अवी वरच्या मजल्यावर. मी सलग वाजवायला लागलो. पुढचं मला आठवत नाही. दाराबाहेर सापडलो म्हणतात.”

लहानपणी प्रांजलने तो टॉवर एकदा आतून पाहिला होता. वरून दुधाचा फवारा सोडायचा, गरम हवेत खाली येता येता त्याची पावडर होते आणि तळाच्या पोलादी नरसाळ्यात जमते. ती भिंतीला चिकटून राहिली तर तापते, तांबूस होते, आतल्या आत धुमसते. म्हणून लाकडी मोगरीने नरसाळं ठोकायचं. मोकळं असेल तर घंटेसारखं घुमतं, थर धरला असेल तर बद्द आवाज येतो. वडिलांनी तिला मोगरी उचलू दिली होती. ती तिला दोन्ही हातांनीही पेलली नव्हती.

ती परत कॉम्प्युटरपाशी बसली. आता रागात असली तरी ती प्रयोगशाळेतल्यासारखी पहिल्यापासून बघू लागली. सुटलेल्या फाइली तिने बाजूला सारल्या आणि बांधलेल्या फाइलींचे आकार काढले.

इतर पाच कंपनमापकांची प्रत्येक फाइल दोनशे दहा केबीच्या आसपास. नरसाळ्याच्या तेवीस फाइली तीनशे नव्वदच्या आसपास. आणि नरसाळ्याची शेवटची फाइल तेराशे चाळीस.

प्रांजल खुर्चीत ताठ झाली.

गाठोडं बांधणारा प्रोग्रॅम अंदाजावर चालतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर एकच अंदाजक असतो. तो आतापर्यंतचा आवाज ऐकतो आणि पुढचा क्षण कसा असेल ते ओळखतो. अंदाज बरोबर आला तर काहीच साठवायची गरज नाही, कारण सोडणाऱ्या कॉम्प्युटरचा अंदाजकही तोच अंदाज करणार. अंदाज चुकला तर किती चुकला तेवढंच लिहून ठेवायचं. म्हणजे गाठोड्यात प्रत्यक्ष आवाज नसतोच, अंदाजकाच्या चुका असतात. पंख्याच्या घरघरीत चुकायला काही नाही, म्हणून ती चिमूटभर जागेत मावते. मोगरीचा ठोका कधी पडेल हे कुणाला सांगता येणार? दर ठोक्याला चूक, दर चुकीला जागा.

दोन फाइली सोडल्यावर सारख्याच सपाट निघतात, आणि बांधलेल्या असताना एक दुसरीच्या सहापट जड असते, हे होऊच शकत नाही. जडपणा कशाचा तरी होता. सोडताना कुणीतरी तो काढून घेत होतं.

तिने ती तीन केबीची बिननावाची फाइल उघडली. आत सोडण्याचा एक नियम होता, चार ओळींचा. नरसाळ्याच्या कंपनमापकावर अचानक मोठी चूक दिसली, तर ती गोंगाट समजून टाकून दे, तिच्या जागी अंदाज भर. खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती. हृ. घु.

हृषीकेश घुले तिचा आतेभाऊ. दूध संघाच्या प्लांटमध्येच इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. शाळेत असताना प्रोग्रॅम लिहायला तिला त्यानेच शिकवलं होतं. आत्याने त्या दोघांचं लग्न मनातल्या मनात कधीच लावून टाकलं होतं आणि प्रांजलनेही कधी मोडता घातला नव्हता. स्फोटानंतर तो घरी एकदाच आला, सफरचंदं ठेवून गेला.

दुपारी ती प्लांटच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिली. तो बाहेर आला आणि तिला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याचाच तिला जास्त राग आला.

“मामांचं कसं आहे?”

“ठोके तू काढलेस.”

हृषीकेशने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोल.”

“का? इथे सगळे आपलेच आहेत. ठोके तू काढलेस, ऋषी.”

“मामांनीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी. दर फेरीला ठोके पडले की धोक्याचा भोंगा वाजायचा. दिवसातून चोवीस वेळा. लोकांनी भोंग्यात चिंध्या कोंबल्या होत्या. मामा म्हणाले, काहीतरी कर बाबा, कान किटले. भोंगा सुटलेल्या आवाजावर चालतो. मी नियम टाकला, भोंगा गप्प झाला. मामांनी मला पेढा दिला होता.”

“आणि समितीने नोंदी उघडल्या तेव्हा?”

हृषीकेश प्लांटच्या फाटकाकडे बघू लागला.

“तू समोर होतास. तूच उघडून दिल्यास. ठोका नाही, असं त्यांनी लिहिलं तेव्हा तू काय करत होतास? पेढा खात होतास?”

“मी बोललो असतो तर काय झालं असतं? त्या नियमाने नरसाळ्याचा खरा इशारासुद्धा गिळला. थापी धरली तेव्हा भोंगा वाजायला हवा होता, वाजला नाही. अवी गेला तो कुणामुळे, हे मग मला विचारलं असतं.”

“आता माझ्या बापाला विचारतायत.”

“मामांचं वय झालंय. त्यांना फार तर दंड होईल. माझं अख्खं करिअर आहे. तू जरा प्रॅक्टिकल हो.”

प्रांजलने चहाचा भरलेला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. तो चेहऱ्यावर फेकायची इच्छा इतकी स्पष्ट होती की तिने हात मागे घेऊन ओढणीत गुंडाळला.

“मी नियम काढून गाठोडं सोडणार आहे.”

“सोड,” हृषीकेश थकल्यासारखा म्हणाला. “काही मिळायचं नाही. अंदाजक गेल्या महिन्यात बदलला. सगळीकडे आपोआप बदलतो, तुझ्याकडेही बदलला. जुना आमच्या सर्व्हरवरही नाही. कंपनीकडे मागता येतो, अर्ज करून. दोन महिने लागतात.”

“आत्याला सांग, मुलगी बघायला लाग,” ती म्हणाली आणि निघाली.

घरी येऊन तिने नियमाची फाइल वेगळी काढली आणि गाठोडं पुन्हा सोडलं. तो म्हणाला तसंच झालं. पहिल्या फेरीपर्यंत घरघर ठीक ऐकू आली, मग जोराची खरखर सुरू झाली ती शेवटपर्यंत. खाली लाल ओळ: ‘मोहोर जुळत नाही’.

कारण तिला समजत होतं. एखाद्याने लिहून ठेवलं की मुलगा माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, तर ‘मी’ कोण हे कळल्याशिवाय मुलाची उंची कळत नाही. गाठोड्यातल्या चुका जुन्या अंदाजकाच्या होत्या. साध्या घरघरीपुरते नवा आणि जुना जवळपास सारखेच वागत. पण ठोका आला की दोघे वेगळ्या वाटांना लागत, आणि पुढची प्रत्येक चूक आधीच्या चुकीवर चढत जाई.

जेवताना तिने वडिलांना सगळं सांगितलं. पेढ्याचंही. आई नवनाथला घास भरवत होती. तो चावायचा थांबला.

“मीच सांगितलेलं,” तो म्हणाला. “ते खरं आहे.”

“तुम्ही भोंगा बंद करायला सांगितला. तुमचं तोंड बंद करायला नाही सांगितलं.”

“पोरगं चांगलं होतं गं.”

“होतं,” प्रांजल म्हणाली. “एखादा कॉम्प्युटर हवा, स्फोटाच्या आधीपासून नेटला न लागलेला. तसा कुणाकडे असणार?”

नवनाथने पुढचा घास नको म्हणून मान हलवली. “अवीचा असेल. पोरीचे फोटो ठेवायला घेतलेला. नेटचं रिचार्ज तो करायचा, आता कोण करतंय.” मग म्हणाला, “पण तिथं कसं जाणार तू?”

अविनाश गावडेचं घर संघाच्या वसाहतीत, त्यांच्यापासून चौथं. त्याची बायको रोहिणी अंत्यविधीच्या दिवशी प्रांजलच्या आईच्या अंगावर धावून गेली होती. त्यानंतर दोन्ही घरांत शब्द नव्हता.

रविवारी सकाळी प्रांजलने दार वाजवलं. रोहिणीने उघडलं, पाहिलं, आणि लावू लागली. प्रांजलने फटीत पाय घातला.

“काकी, पाच मिनिटं.”

“पाय काढ. चेंगरेल.”

“चेंगरू दे. अवीकाकांचा कॉम्प्युटर हवाय. इथेच, तुमच्यासमोर. न्यायचा नाही.”

“कशाला? बापाची सुटका करायला?”

“हो.”

हे उत्तर रोहिणीला अपेक्षित नसावं. दाराचा दाब किंचित कमी झाला.

“तुझा बाप पळाला,” ती म्हणाली. “माझा माणूस वर होता आणि तो पळाला. नाथाभाऊ, नाथाभाऊ करायचा हा. डबा उघडला की पहिली भाकरी त्याला. आणि तो दाराबाहेर सापडला.”

“आणि अवीकाका कुठे सापडले?”

रोहिणीची नजर प्रांजलच्या पायावरून वर आली.

“काम सातव्या मजल्यावर होतं. सापडले तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात. भोंगा वाजलाच नाही, हे संघच म्हणतोय. मग हातातलं काम टाकून चार मजले ते कशाला उतरले? कुणी सांगितलं त्यांना?”

“हे मी संघाच्या देशमाने साहेबांना विचारलं होतं,” रोहिणी हळू म्हणाली. “ते म्हणाले, लघवीला निघाला असेल.” तिने पदर खोचला. “असं म्हणाले. माझ्या तोंडावर.”

मग तिने जे नव्हतं सांगायचं तेही सांगितलं. “काकी, मला माहीत नाही आत काय निघेल. पप्पा म्हणतात त्यांनी सलग ठोके मारले. नसतील मारले तर तेही निघेल, आणि ते मीच कोर्टाला देईन.”

“उद्यापासून मला पॅकिंगला घेतायत,” रोहिणी म्हणाली. “अनुकंपावर. साहेबांनी सांगितलंय, खरमाट्यांशी बोलायचं नाही.” तिने बाहेर वसाहतीकडे नजर टाकली. समोरच्या घरातली बाई केर काढायची थांबून बघत होती. “ये आत. आणि तू काय बघतीस गं, झाड की पुढं,” ती रस्त्यापलीकडे म्हणाली आणि दार सताड उघडं ठेवलं.

कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं आवरण होतं, त्यावर धूळ. प्रांजलने आधी मागची नेटची वायर उपटली, मग बटण दाबलं. पडद्यावर अविनाश आणि त्याची मुलगी, उसाचं कांडकं तोंडात धरून. पासवर्ड रोहिणीने घातला. अंदाजकाची आवृत्ती जुनी होती, स्फोटाच्या आधीची. प्रांजलने ती दोनदा वाचली.

नियमाची फाइल वगळून तिने गाठोडं सोडायला लावलं. मशीन जुनं, पट्टी सावकाश सरकत होती. रोहिणी उभीच होती. तिने चहा विचारला नाही.

“खरखर आली तर?”

“तर आपलं नशीब. मी जाईन.”

पट्टी भरली. खाली हिरवी ओळ आली आणि या वेळी प्रांजलने ती मोठ्याने वाचली. “मोहोर जुळते. म्हणजे बांधताना जे होतं, तेच सुटलंय. कुणाचा अंदाज नाही, काही नाही.”

आधी तिने सकाळपाळीची एक फाइल लावली. घरघरीतून तीन ठोके आले, घंटेसारखे, शेवटचा लांबवर घुमत गेलेला. रोहिणीने पटकन खुर्चीची पाठ धरली.

“हा कोण?”

“सकाळपाळीचे कुणी असतील. फेरी झाली, असा अर्थ.”

“आणि सलग म्हणजे?”

“हातातलं टाक आणि खाली ये.”

“हो,” रोहिणी म्हणाली. “हे सांगायचा. पोरीला जेवायला बोलवायचं तर ताटावर चमचा असाच वाजवायचा.”

प्रांजलने शेवटची फाइल उघडली. आलेख सपाट नव्हता. सुरुवातीला तीन रेघा उभ्या होत्या, बुटक्या, लगेच विझलेल्या. आणि अगदी उजव्या टोकाला रेघांची दाटी, कुंपणासारखी.

“काकी, ऐकायचंच असं नाही. मी नुसते मोजते.”

“लाव,” रोहिणी म्हणाली. “हेडफोन नको. मोठ्यानं लाव. समोरची ऐकू दे, साहेबांना जाऊन सांगू दे.”

प्रांजलने आवाज पूर्ण वाढवला. तीन बद्द ठोके. थोडी घरघर, पुन्हा एक ठोका, तसाच बद्द. मग ते सुरू झाले. पहिले काही एका लयीत होते, मग लय मोडली, मोगरी पोलादावर कशीही पडू लागली, वर, खाली, कडेला, काही ठोके निसटते. मध्ये कुठेही खंड नव्हता. समोरच्या घरातला केरसुणीचा आवाज बंद झाला होता. रोहिणी पडद्याकडे बघत नव्हती. ती छताकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रांजलला कळलं की ती मजले मोजतेय.

कडाका झाला. फाइल संपली.

रोहिणीने पदराने पडद्यावरची धूळ पुसली, एकदा, दोनदा, जिथे धूळ नव्हती तिथेही. “लिहून दे,” ती म्हणाली. “किती होते ते लिहून दे. उद्या मी येते कोर्टात. पॅकिंग गेलं खड्ड्यात.”

प्रांजलने कागद घेतला. प्रोग्रॅमने मोजलेले ठोके तिने आलेखावर बोट ठेवून स्वतः पुन्हा मोजले, शेवटच्या ठोक्यानंतर दाराबाहेर पळायला किती वेळ होता तेही ताडून पाहिलं, आणि लिहिलं:

नरसाळ्यावरचा कंपनमापक, शेवटची फाइल. फेरीचे ठोके तीन, नंतर सुटा ठोका एक. सलग ठोके त्रेसष्ट, एकेचाळीस सेकंदांत. शेवटचा ठोका आणि स्फोट यांतलं अंतर एक पूर्णांक चार दशांश सेकंद.